पंचवटीतली काळ्या रश्श्याची मिसळ – चव, सर्विस आणि मालकांबद्दल थोडं

पंचवटी कारंजाजवळच्या गल्लीत छोटंसं दुकान आहे, बोर्ड नीट दिसत पण नाही, सकाळी रिक्षावाल्यांची गर्दी असते तेच. मिसळ काळ्या मसाल्याची, मटकी शिजलेली पण लगदा नाही, सोबत पापड, दही, कांदा-लिंबू, आणि रस्सा मागाल तेवढा. कानशिलं तापतात एवढी तिखट. मला जाम आवडली, मावसभावाला खोबरं जास्त वाटलं. ज्याची त्याची आवड, त्यात वाद नाही.

पण खरं लिहायचंय ते वेगळंच. रविवारी फुल गर्दी होती, टेबल शेअर करावं लागत होतं. झाडूकाम करणाऱ्या दोन ताई ड्युटी संपवून आल्या, एका फॅमिलीच्या टेबलाला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या तिथे मालकांनी त्यांना बसवलं. तर त्या फॅमिलीतले काका पोऱ्याला हळूच म्हणाले, "यांना बाहेर बाकड्यावर दे ना, आणि ग्लास वेगळे ठेवता ना तुम्ही?" एका ताईने ऐकलं, ती पिशवी उचलून उठायलाच लागली. मालक गल्ल्यावरून आले, "ताई, बसा तुम्ही. काका, इथे ग्लास सगळ्यांना एकच, तुम्हाला जमत नसेल तर पार्सल बांधून देतो." आवाज अजिबात चढवला नाही, आणि पहिल्या दोन प्लेटा त्या ताईंनाच दिल्या.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणतो, अरे त्यांच्याकडे तसंच वळण असेल, चूक-बरोबर शेवटी ज्याचं त्याचं. मला हे अजिबात पटत नाही. चपला बाहेर काढायच्या की नाही, श्रावणात कांदा-लसूण खायचा की नाही, या झाल्या रीती, घरोघरी वेगळ्या असणारच. हेच मालक स्वतः चातुर्मासात कांदा खात नाहीत पण गिऱ्हाईकाला बारीक चिरून देतात, कोणाचं काही बिघडत नाही. समोरच्या माणसाला ताटावरून उठवणं ही रीत म्हणून कशी खपवून घ्यायची, तिथे पिशवी उचलणारी ती बाई आहे ना, तिला काय वाटलं ते तुमच्या वळणावर थोडीच ठरतं.

आणि हे नाशकात तरी सांगायला लागू नये. काळाराम मंदिर इथून चालत जाण्याएवढं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला, तरी दरवाजे उघडले नाहीत, शेवटी १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. तेव्हा समाजाची रीत दरवाजा बंद ठेवणाऱ्यांच्याच बाजूने होती. बहुतेक लोक मानतात तेच नैतिक असं धरलं तर सत्याग्रहींनाच चूक म्हणावं लागेल, आणि ते म्हणायची माझी तरी तयारी नाही.

बाकी पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत या. उशिरा गेलात तर रस्सा संपलेला असतो. पाव थोडे गार होते, गरम मागून घ्या, देतात. माझ्याकडून पाचपैकी पाच.