कोथरूडात किह्नू बेटाची गाणी: आईला घेऊन जा

कोथरूडच्या एका छोट्या कॅफेत रविवारी लोकगीतं ऐकवतात, यावेळी एस्टोनियाचं किह्नू बेट होतं. तिथले पुरुष समुद्रावर असायचे म्हणून गाणी बायकांनीच सांभाळली, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत म्हणे. एकजण ओळ म्हणते, बाकीच्या तीच परत उचलतात, विणकाम करता करता पोरींच्या कानावर पडतं आणि तसंच पाठ होतं. हे ऐकून आमच्या मातोश्रींनी चक्क तिथेच दोन जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, घरी कधी म्हणत नाहीत! सांगणाऱ्या ताई भारी, अजिबात घाई नाही. फक्त स्पीकर फाटका, त्यात मधेच मिक्सर घरघरतो, कॉफी कोमट. पार्किंग विसरा, रिक्षाच बरी.