मोकळा रविवार: जुने गोवे की तांबडी सुर्ला?

नोकरीसाठी घाटावरून नुकतेच गोव्यात आला असाल आणि गाडी नसेल, तर जुने गोवेच. पणजीच्या कदंब स्टँडवरून बस मिळते, अंतर जेमतेम १० किलोमीटर. १६०५ साली पूर्ण झालेलं बॉम जेझूस चर्च आणि समोरचं से कॅथेड्रल सगळेच बघतात. मला जास्त आवडतो तो टेकडीवरचा सेंट ऑगस्टिनचा मनोरा. चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, मनोरा अर्धामुर्धा अजून उभा आहे. मग व्हाइसरॉयच्या कमानीतून धक्क्यावर उतरा आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत.

तांबडी सुर्लाला पाहायचं म्हणजे एकच देऊळ, तेही पणजीहून साठेक किलोमीटरवर. ज्यांच्या नावाने गोव्यात बस धावते त्याच कदंब राजांच्या काळातलं हे महादेवाचं देऊळ. तिथे जायला मात्र स्वतःचं वाहन घ्या! गोव्यातल्या जुन्या इमारती बहुतेक जांभ्याच्या, हे काळ्या बेसाल्टचं. भोवती अभयारण्याचं रान, शेजारी नदी. हेमाडपंती देवळं पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल. पावसाळ्यात जळवा लागतात, तरी दुचाकीवाल्या मित्रांना मी आधी इथेच पाठवतो. जुने गोवे काय, कामावरून लवकर सुटलात तरी होतं.