मिन-मॅक्सवाला मल्टीमीटर आणि एसीची फ्लॅप मोटर: वापरानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात घेतलेला हा मीटर थंडी पडेपर्यंत सतत हाताशी आहे. आधी निकाल सांगतो. गाडीच्या ऑटोमॅटिक एसीतली फ्लॅप मोटर, म्हणजे गार-गरम हवेची झडप (फ्लॅप) फिरवणारा अ‍ॅक्च्युएटर, खरंच गेलीय की वायरिंग दगा देतंय, हे ठरवायला याने मला जेवढी मदत केली तेवढी कशानेच केली नाही.

साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्यांना पावसाळ्यात काचेवर धरणारी वाफ ठाऊक आहे. एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडली की ती निघते. आमच्या गाडीत ऐन घाटात, चाक खड्ड्यात आदळलं की हवा एकदम गार व्हायची आणि थोड्या वेळाने परत गरम. समोरचं दिसेना म्हटल्यावर हा दोष अंगावर काढण्यासारखा नव्हता. गॅरेजमध्ये ‘मोटर बदला’ एवढंच ऐकायला मिळालं.

या मोटरला पाच वायर. दोन मोटर फिरवायच्या. उरलेल्या तीन आतल्या पोटेन्शिओमीटरच्या (फ्लॅपसोबत फिरून व्होल्टेज बदलणारा भाग), म्हणजे पाच व्होल्ट, ग्राउंड (मायनस) आणि फ्लॅप कुठे आहे ते कळवणारा सिग्नल. ग्लोव्ह बॉक्स उतरवला, इग्निशन ऑन केलं आणि कनेक्टर न काढता, मागच्या बाजूने, सिग्नलच्या पिनला मीटरचा बारीक प्रोब (टोकदार सुई) लावला. काळा प्रोब बॉडीला. मिन-मॅक्स, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा नोंदवून ठेवणारी सोय, चालू करून कनेक्टर हलवत राहिलो. स्क्रीनवर 3.2 व्होल्ट स्थिर दिसत होते, पण मॅक्समध्ये 4.9 नोंदले गेले. नुसत्या डोळ्यांना तो झटका कळलाही नसता.

इथेच खरी गंमत आहे. पाच व्होल्टची वायर सुटली असती तर आकडा शून्याकडे घसरला असता. तो वर गेला, म्हणजे ग्राउंड सुटतंय. आमच्या गाडीत गरमकडे व्होल्टेज वाढतं. त्यामुळे फ्लॅप फारच गरमकडे गेलाय असं एसीच्या कंट्रोलरला वाटायचं आणि तो त्याला गारकडे ओढायचा. मग ग्राउंडची वायर तपासली. कितीही हलवली तरी 0.02 व्होल्टच. वायर धड होती. कनेक्टर काढून बघितला तर ग्राउंडच्याच पिनची पकड सैल आणि कडेला हिरवट गंज. पकड आवळली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. मोटर जुनीच आहे, आणि दिवाळीतही त्याच घाटाने हवा नीट गरम आली.

शेजारच्या काकांच्या गाडीत डॅशबोर्डमधून टक-टक आवाज यायचा. तिथे मोटरला 12 व्होल्ट मिळत होते, नॉब उलटा फिरवला की पोलॅरिटीही (प्लस-मायनस) उलटत होती, पण सिग्नल जागचा हलत नव्हता. आतला गिअर तुटलेला. तिथे मोटर बदलणंच बरोबर होतं.

आता तक्रारी. सोबतचे प्रोब या कामाला फार जाड आहेत. ते पिनमध्ये समोरून खुपसले तर पकडच सैल होते, म्हणून बारीक प्रोब वेगळे घ्या. कंटिन्युइटीच्या (वायर जोडलेली आहे का ते सांगणाऱ्या) बीपवर मोटरच्या वायरचा निकाल देऊ नका. वायरमधली एकच बारीक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, म्हणून मोटर फिरत असतानाच व्होल्टेज मोजा. बॅकलाइट फार लवकर विझतो, डॅशबोर्डखाली वाकलेलं असताना याचा खरोखर त्रास होतो. आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात; तिथे प्रोब लावूच नका.

ज्यांच्या गाडीत गार-गरमचा नॉब केबलवर चालतो, त्यांच्याकडे ही मोटरच नसते. त्यांनी फक्त यासाठी महागडा मीटर घेऊ नये.