पेन टॅब्लेट, आठ महिन्यांनंतर: बाकी झकास, निबचं काय ते बोला

मागच्या महिन्यात रात्री अकरा वाजता, एका बारशाच्या पत्रिकेवर ‘चि.’चं टिंब देताना निब, म्हणजे पेनाचं टोक, तुटली. अर्धी टेबलावर, अर्धी पेनात. (पेन टॅब्लेट म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची पाटी, तिच्यावर पेनाने काढलेलं स्क्रीनवर उमटतं.) पत्रिका सकाळी पुण्यात अप्पा बळवंत चौकात छपाईला द्यायची होती.

मी भोसरीत नऊ वर्षं अकाउंट्सला. आता डिझाईनमध्ये जायचंय. क्लासची फी ऐकली आणि घरीच शिकायचं ठरवलं. चित्रं काढायची सॉफ्टवेअर, इंकस्केप फुकट, क्रिता फुकट, मुक्तासारखे फॉन्टही फुकट. पैसे गेले ते या टॅब्लेटचेच, ३,२०० रुपये. बाबा म्हणाले, “एवढ्यात गाडीभर बोरू आले असते.” स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, परत लिहीत नाही. प्रेशरच्या, म्हणजे पेन किती दाबलं ते ओळखायच्या, म्हणे ८,१९२ पातळ्या. माझ्या हाताला चार लागतात.

लोगोला टॅब्लेट लागत नाही, पॉइंट ओढायला माउसच बरा. पण अक्षरं काढायला पेनच हवं. ‘क्ष’ची गाठ माउसने काढून बघा, सुजलेला गुडघा दिसतो.

तर निब. सोबत दहा सुट्या येतात, म्हटलं जन्माला पुरतील. पहिली दोन महिने टिकली. पण रोज शिरोरेषेचा सराव, आणि टॅब्लेटवरची जागा स्क्रीनवरच्या जागेशी बांधलेली, त्यामुळे वरच्या बाजूला एक आडवी खाच पडली. उजेडात तिरका धरला की माझा सगळा सराव दिसतो. ती खाच झाकायला मी झेरॉक्सचा कागद चिकटवला. नंतरच्या पाच महिन्यांत सहा निबा संपल्या, सगळ्या छिन्नीसारख्या तिरक्या झिजलेल्या. तुटली तीही बदलायलाच झाली होती, पण अजून पंधरा दिवस चालेल म्हणून ठेवलेली.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणे अख्खं पेन बदला, १,८०० रुपये. वॉरंटी? “मॅडम, निब कन्झ्युमेबल आहे.” म्हणजे वापरून संपणारी. अहो, निब आहे, पेन नाही ना! तीन फेऱ्या मारल्या, तीन वेगळी माणसं, उत्तर तेच. एक स्टार द्यायचा म्हणून हे लिहायला घेतलं होतं.

मग तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका काकांनी सुई तापवून आतल्या तुकड्यात खुपसली, गार होऊ दिली आणि हलकेच ओढली. आली बाहेर! चाळीस रुपये. पेन परत देताना टॅब्लेटकडे बघून म्हणाले, “कागद कशाला लावलाय? सँडपेपरच की हा.”

कागद काढला. तीन आठवडे झाले, तीच निब, टोक अजून गोल. म्हणजे निम्मा दोष माझा. निम्माच, १,८०० सांगणाऱ्याला मी माफ केलेलं नाही. एक स्टारचे साडेतीन केले. डबीत दोन निबा शिल्लक.

पत्रिका दोन दिवस उशिरा गेली. छपाईवाल्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “कर्व्ह केलंय ना?” केलं होतं, म्हणजे फॉन्टमधली अक्षरं नुसत्या आकारांत बदलली होती, नाहीतर त्यांच्याकडे काना-मात्रा उडतात. १,५०० मिळाले. बाबांनी विचारलं, त्यातून सुईचे चाळीस वजा केलेस का. बसभाड्यासकट केलेत.