दशांश पाकिटांचा संच : पाकिटे घ्यावीत, पुस्तिका वाचून ठरवावे

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) वार्षिक सभांमध्ये ख्रिस्ती साहित्याची जी टेबले मांडलेली असतात, त्यांवर अलीकडे दशांशाच्या, म्हणजे मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या, पाकिटांचा एक संच विक्रीस असतो. वर्षभराच्या रविवारांसाठी ५२ पाकिटे, एक नोंदवही आणि दशांशाची शिकवण सांगणारी २४ पानांची पुस्तिका असे त्याचे स्वरूप असून किंमत १८० रुपये आहे. आमच्या घरी तो वर्षभर वापरला गेला. हा संच महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून तयार केला आहे. खानदेशातील बहुसंख्य मंडळ्या मात्र शेतावर आणि मजुरीवर जगतात, आणि त्याच्या बहुतेक उणिवा येथूनच निघतात.

पाकिटांबद्दल तक्रारीला जागा नाही. कागद जाड खाकी आहे, सुटी नाणी टाकली तरी कोपरा फाटत नाही आणि डिंक ऐन पावसाळ्यातही सुटत नाही. पाकिटावर देणाऱ्याच्या नावाऐवजी कुटुंब क्रमांक लिहिण्याची सोय आहे, हे मला विशेष आवडले; उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील शिकवण आणि खजिनदाराची हिशेबाची गरज या दोहोंचा मेळ त्यात बसतो. खाली दशांश, उपकारस्तुती (देवाचे आभार), सुवार्ताकार्य (धर्मप्रचार) आणि बांधकाम अशा चार चौकटी आहेत. गरजूंच्या मदतीसाठी पाचवी चौकट नाही, आणि ही चूक लहान नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच साठवून लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालण्याची आज्ञा आहे. दशांशाचे पाकीट छापणाऱ्याने विधवेचा वाटा विसरावा, हे चमत्कारिकच म्हणायचे.

नोंदवहीत महिना, एकूण उत्पन्न, दहावा भाग, दिलेली रक्कम आणि बाकी असे पाच रकाने आहेत. हा शेवटचा रकाना मला खटकला. दर पानाच्या तळाशी ‘मागील बाकी पुढे’ अशी ओळ छापलेली असल्यामुळे ज्या महिन्यात देणे जमले नाही, त्याची रक्कम पुढच्या पानावर चढत जाते आणि वही विकास सोसायटीच्या कर्जखात्यासारखी दिसू लागते. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या आणि नवव्या अध्यायांत देण्याविषयी जे विवेचन आहे, त्यात थकबाकीला स्थान नाही. माणसाजवळ जे आहे त्या मानाने दिलेले मान्य होते, जे नाही त्याची अपेक्षा नाही, आणि कुरकुरत किंवा भाग पडले म्हणून कोणी देऊ नये, असे तो स्पष्ट सांगतो.

पुस्तिकेत या दोन अध्यायांना मिळून जेमतेम अर्धे पान मिळाले आहे आणि मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाला नऊ पाने. देवाला ठकवण्याचा आरोप आणि आकाशाची कवाडे उघडण्याचे अभिवचन यांवरच सारा भर असल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात आधी भीती आणि मग परताव्याची आशा निर्माण होते. आरंभीच्या मंडळीपासून दशांशाचा नियम अखंड चालत आला, हे पुस्तिकेतील विधान तर तपासून घ्यायला हवे होते. नव्या करारातील पत्रांत ख्रिस्ती मंडळीसाठी दहाव्या भागाचा नियम घातलेला नाही. गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) माकॉन येथील धर्मसभेने इ. स. ५८५ मध्ये दशांश न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढण्याची ताकीद दिली, आणि पुढे फ्रँक राजा शार्लमेनच्या राज्यात त्याला कायद्याचे बळ मिळाले. दशांश मानणाऱ्यांची बाजूही दुबळी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. अब्राहामाने मलकीसदेक या याजक-राजाला दिलेला दहावा भाग मोशेच्या नियमशास्त्राच्या आधीचा आहे, आणि पुदिना, शेप व जिरे यांचा दशांश देणाऱ्या परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथीयांना) येशूने न्याय, दया आणि विश्वास पाळण्यास सांगताना दशांश सोडून देण्यास सांगितले नाही. ही मांडणी पुस्तिकेत आली असती तर ती निम्म्या पानांत अधिक पटली असती.

‘कोणतीही वजावट न करता एकूण उत्पन्नावर दशांश’ या पुस्तिकेतील नियमाची अडचण शहाद्याच्या कापूस उत्पादकाला पहिल्या वेचणीलाच कळते. बियाणे, खते, फवारणी आणि किलोमागे द्यावी लागणारी वेचणीची मजुरी वजा केल्यावर हाती जे उरते, ते काही वर्षी विक्रीच्या दहाव्या भागाइतकेही नसते. नवापूर भागातून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न त्याहून बिकट आहे, कारण मुकादमाकडून मिळालेली उचल हे उत्पन्न नसून अंगमेहनतीने फेडायचे कर्ज आहे. तिच्यावर दशांश मोजणे म्हणजे कर्जातून दान करणे होय. वास्तविक बायबलमधील लेवीय या पुस्तकातील दशांश धान्य, फळे आणि गुरे यांचाच होता. आमच्याकडे कापणीच्या उपकारस्तुतीला ज्वारी, तूर, पपया, क्वचित कोंबडीही वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर त्या साऱ्याचा लिलाव होतो. मिझोराममध्ये प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा १९१० पासून चालू आहे. अशा देण्याची नोंद करायला या वहीत रकानाच नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहते. देणाऱ्याच्या कर्तव्याबद्दल इतके लिहिणारी पुस्तिका घेणाऱ्याच्या हिशेबाबद्दल मौन पाळते. पौल मात्र वर्गणी पोहोचवताना मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून. पाकिटे दोघांनी मिळून मोजावीत आणि जमाखर्च वर्षातून एकदा मंडळीपुढे वाचावा, एवढी दोन वाक्ये छापायला फारशी शाई लागली नसती.

भुसावळचे रेल्वे कर्मचारी, शिक्षक, परिचारिका अशा नियमित पगारदारांना हा संच उपयोगी पडेल. देण्याला शिस्त लागते, हे आमच्या घरीही दिसले. शेतकरी कुटुंबांनी नुसती पाकिटे घ्यावीत, ती ७० रुपयांत सुटी मिळतात. पन्नासहून अधिक संच घेणाऱ्या मंडळीला पाकिटांवर हवा तो मजकूर छापून देतात, तेव्हा मंडळीच्या पंचांनी मागणी नोंदवतानाच गरजूंची पाचवी चौकट घालून घ्यावी आणि वहीतला ‘बाकी’ हा रकाना काढायला सांगावा.