‘बोर्ड गेलाय’ म्हणून परत आलेला लॅपटॉप आणि सोलापूरच्या नवी पेठेतलं हे दुकान

तक्रारी आधी सांगते, म्हणजे पुढचं कौतुक खरं वाटेल. दुकान पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने थांबायचं. गाडी लावायला जागा नाही. फोन तर उचलतच नाहीत. आणि मशीन ठेवून घेताना पावती देत नाहीत. लॅपटॉपच्या पोटाला चिकटपट्टी लावायची, त्यावर मार्करने नाव नि मोबाइल नंबर लिहायचा, झालं. मी पावती मागितली तर म्हणाले, “मॅडम, इथून कोण नेतंय?” म्हटलं, नेत नाही कोणी, पण मी आयुष्यभर लोकांच्या पावत्या फाइलला लावत आले, मला माझ्या लॅपटॉपची नको? मग हसले आणि सिरीयल नंबर, चार्जर, जुनी डिस्क असं सगळं लिहून सही करून दिलं. तुम्हीही मागा. मागितली की देतात.

माझं काम जमाखर्चाचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या काही टॉवेलवाल्यांचे हिशेब बघते. टॅली, जीएसटी, कामगारांचे पगारपत्रक वगैरे. लॅपटॉप २०१३ सालचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, तीही मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. अलीकडे बटण दाबून मी भाजी निवडायला बसायची आणि जुडी संपली तरी मशीन गोल गोल फिरवतच असायचं. शिवाय डिस्कमधून टक टक आवाज यायला लागला होता. म्हणून जानेवारीत ११ तारखेचा जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरून झाल्यावर हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवायला दिली. या दुकानात नव्हे, दुसरीकडे. नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही.

तिथे त्यांनी माझ्यासमोर चालू करून दाखवला. काय वेग! पटकन डेस्कटॉप, पटकन टॅली. घरी आणला, रात्री चार्जर काढून ठेवला, सकाळी बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: नो बूटेबल डिव्हाइस, म्हणजे मशीन जिच्यावरून सुरू (बूट) होईल अशी डिस्कच सापडत नाही. परत नेला. तिथे काहीतरी केलं, चालू झाला. घरी आणला, बंद. त्यानंतर त्यांनी निकाल दिला: मदरबोर्ड गेलाय, इतकं जुनं मशीन, आता नवीनच घ्या. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचा, डिसेंबरची खरेदी-विक्री सगळी त्यात, आणि हे म्हणतात नवीन घ्या. जुनी डिस्क पुन्हा बसवून द्या म्हटलं तर “आता तीही चालेल का सांगता येत नाही.” मी लॅपटॉप उचलला आणि आले.

एका टॉवेलवाल्यांनी हे दुकान सांगितलं. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, रस्ते तुंबलेले, कशीबशी नवी पेठेत पोचले. मालक तिशीतला मुलगा. घरच्यांशी फोनवर तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मशीनशी हिंदीत बोलतो. “चल ना रे बाबा, दिखा तेरा क्या है,” असं लॅपटॉपला म्हणाला तेव्हाच मला जरा बरं वाटलं.

त्याने आधी स्क्रू ड्रायव्हर उचलला नाही, हे मला फार आवडलं. बटण दाबलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाला, “बगा मॅडम. चिन्ह येतंय, पंखा फिरालाय, कीबोर्ड चालालाय, आणि डिस्क नाही म्हणून तक्रारबी करालाय. बोर्ड गेला असता तर हे वाचायला तरी मिळालं असतं का?” खरंच की. इतकं साधं, आणि आधीच्या ठिकाणी कुणाच्या डोक्यात आलं नाही; किंवा आलं असेल, मला सांगावंसं वाटलं नसेल.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेला. त्याचं पहिलं बघणं एकच: नव्या एसएसडीचं नाव आणि आकार तिथे दिसतोय का. दिसत होता. म्हणजे डिस्क जिवंत, तिचा जोड ठीक, बोर्ड तिला ओळखतोय. नाव दिसलं नसतं तर पुढचा सगळा तपास वेगळा झाला असता, जोडाची पट्टी, सॉकेट, खुद्द एसएसडी असा. नाव दिसतंय आणि तरी बूट होत नाही, म्हणजे दुखणं वायरीत नाही, डिस्कच्या आतल्या मांडणीत आहे.

आणि तिथेच कोपऱ्यात तारीख होती. १ जानेवारी २०१२.

“तारीख नेहमी अशी मागं जाती का?” त्याने विचारलं. जाते की! कित्येक महिने जाते आहे. सकाळी जीएसटीचं पोर्टल उघडावं तर ब्राउझर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही. मग मी खाली घड्याळात जाऊन तारीख नीट करते आणि पोर्टल उघडतं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, लॅपटॉप २०१२ मध्ये बसला असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. हे मला माहीत होतं. पण त्याचा आणि बूट न होण्याचा संबंध असेल असं कोणाला वाटेल?

संबंध असा. बोर्डावर एक गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, मनगटी घड्याळातल्यापेक्षा जरा मोठा. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसमधल्या सेटिंग लक्षात ठेवणं ही त्याची कामं. माझ्या लॅपटॉपची मुख्य बॅटरी कधीच मेली आहे, मी चार्जरवरच काम करते. म्हणजे रात्री चार्जर काढला की सगळा भार त्या बारक्या सेलवर, आणि तो संपलेला. सकाळी मशीन कोऱ्या मनाने उठतं: तारीख पहिली, सेटिंग कारखान्यातून आली तशी.

आता डिस्ककडे. माझा लॅपटॉप विंडोज ८ घेऊन आलेला, त्याची कारखान्यातली सेटिंग यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू व्हायची नवी पद्धत. जुनी डिस्क त्याच पद्धतीची होती, जीपीटी मांडणीची, म्हणून सेल मेला तरी ती बिनतक्रार चालत राहिली. आधीच्या ठिकाणी नव्या एसएसडीवर मांडणी केली ती जुन्या पद्धतीची, एमबीआर, आणि ती चालावी म्हणून बायोसमध्ये लेगसी मोड, म्हणजे सुरू व्हायची जुनी पद्धत, लावून दिला. लेगसीची सेटिंग टिकून आहे तोवर सगळं छान. चार्जर काढला, सेटिंग पुसली, मशीन यूईएफआयवर गेलं, आणि यूईएफआयला त्या डिस्कवर सुरुवात कुठून करायची ते सापडेना. मुलाच्या भाषेत: “त्यांनी नव्या डिस्कला मागच्या दारानं आत घेतलं. सेल मेला की मशीन मागचं दार लावून टाकतंय, पुढचंच उघडं ठेवतंय.” म्हणून दुकानात चालू आणि घरी बंद. मला इतके दिवस वाटत होतं रस्त्यातल्या खड्ड्यांनी आत काही हलतंय!

बरं, हे नुसतं सांगून थांबला नाही. बायोसमध्ये लेगसी लावलं, विंडोज सुरू झालं. बंद केला, चार्जर काढला, थोडं थांबला, पुन्हा लावला. नो बूटेबल डिव्हाइस. मग म्हणाला आता पटलं ना? पटलं.

नुसता सेल बदलला असता तरी काम भागलं असतं, तेही त्याने सांगितलं. पण पुढे सेल पुन्हा संपला की तीच कथा. त्यापेक्षा डिस्कची मांडणीच यूईएफआयला चालेल अशी करून घेऊ. पेनड्राइव्हवरून विंडोजचं इन्स्टॉलर सुरू केलं, शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली. डिस्कपार्ट या विंडोजच्या सोयीत डिस्कची यादी काढली. जीपीटीच्या रकान्यात माझ्या एसएसडीसमोर तारा (*) नव्हता, म्हणजे एमबीआर. विंडोज १० मध्ये यासाठी एमबीआर२जीपीटी नावाची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिलेली आहे, डेटा न पुसता मांडणी बदलते. आधी ‘व्हॅलिडेट’ (नुसती तपासणी) चालवून बघितलं, ते पास झालं, मगच ‘कन्व्हर्ट’ (प्रत्यक्ष बदल). त्याच्याही आधी मला विचारलं, जुनी डिस्क शाबूत आहे ना? कारण काही बिघडलं तर मूळ माल तिच्यात. ज्याला दुसऱ्याच्या डेटाची एवढी भीती वाटते त्याच्याकडे मशीन ठेवायला मला हरकत नाही.

काम झाल्यावर त्याने पुढचं केलं ते बघून मी त्याला मनातल्या मनात पाचशे रुपये बक्षीस दिले (प्रत्यक्षात दिले नाहीत). मेलेला सेलसुद्धा उपटून काढला, चार्जर काढून पुन्हा लावला आणि बटण दाबलं. तारीख २०१२, सेटिंग कोरी, आणि विंडोज सरळ सुरू. त्यानंतर नवा सेल बसवला. तो माझ्या मशीनमध्ये वायरवाला निघाला, काळ्या वेष्टनात गुंडाळून छोट्या सॉकेटला लावलेला, आणि तोही कीबोर्डच्या खाली. म्हणजे सगळं उघडणं आलं.

उघडलंच आहे तर पंखा दाखवला. मी महिन्यातून कितीतरी वेळा कारखान्यात यंत्रमागांशेजारच्या केबिनमध्ये बसून नोंदी करते. पंखा आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची जाळी) यांच्या मध्ये सुताच्या तंतूंचा जाड थर जमला होता, हवा जायला फटच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा हे मशीन कसं टिकलं देव जाणे. टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यात लॅपटॉप वापरणाऱ्यांनी हे वर्षाला एकदा साफ करून घ्यावंच.

अजून एक गोष्ट निघाली. एसएसडी ७ मिलिमीटर जाड, माझी जुनी डिस्क ९.५ ची. उरलेल्या जागेत आधीच्या ठिकाणी पुठ्ठ्याची घडी कोंबलेली होती आणि जुन्या डिस्कची पत्र्याची फ्रेम लावलीच नव्हती. ती फ्रेम माझ्या पिशवीत जुन्या डिस्कला तशीच होती. त्याने ती काढून एसएसडीला लावली, स्क्रू घट्ट केले.

जुन्या डिस्कची तब्येतही तपासून दाखवली. रीॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागा) असे दोन आकडे बघायचे असतात, दोन्ही शून्य असायला हवेत, माझे नव्हते. डी ड्राइव्हमधल्या फाइली आधीच्या ठिकाणी ‘नंतर बघू’ म्हणून तशाच राहिल्या होत्या. त्या रात्रभर कॉपी लावून आणल्या. टॅलीचा सगळा बॅकअप आला. भाचीच्या लग्नाचा एक व्हिडिओ अर्ध्यातच अडकतो. असं काही होईल हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे माझी तक्रार नाही. बहिणीची आहे, तिला मी समजावते.

बिल: सेल १२०, उघडणे-साफसफाई-प्रोसेसरची उष्णतेची पेस्ट ४००, बूटचं काम ५००, जुन्या डिस्कला यूएसबी केसिंग (बाहेरून जोडायची डबी) ३५०. एकूण १,३७०. छापील बिल मागावं लागलं, पण दिलं, आणि बेरीज बरोबर होती. (सवय आहे, बघितल्याशिवाय राहवत नाही.)

रॅम वाढवू का म्हटलं तर नको म्हणाला. टॅली आणि ब्राउझर एवढ्यावर चालतंय, या मशीनवर आणखी पैसे घालू नका. मुख्य बॅटरीही नको. विंडोज ११ या प्रोसेसरवर रीतसर बसत नाही, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे, त्यात त्याने माझं खातं नोंदवून दिलं. “मार्च एंड निघू दे, दिवाळीच्या आत नवीन घ्या, माझ्याकडून नाही घेतला तरी चालतंय.” दुकानदार विकायचं सोडून असं बोलतो हे मी आपल्या बाजारात फार कमी बघितलंय.

३बी वेळेत भरला.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो फोनसाठी: कामाचं मशीन ठेवलेल्या माणसाला दिवसभर जीव टांगणीला लावून ठेवायचा नसतो, निदान एक मेसेज तरी टाकावा. जाणार असाल तर सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा तो मोकळा असतो. सोबत चार्जर न्या, जुनी डिस्क काढली असेल तर तिच्या फ्रेमसकट आणि स्क्रूंसकट न्या, आणि विंडोजला पासवर्ड असेल तर तो कागदावर लिहून देऊ नका, समोर बसून स्वतः टाका. तो बसायला स्टूल देतो.