डबे खरे होते

२३,५०० रुपये गेले. त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही. रकमेपेक्षा जास्त लागलं ते हे, की पाच आठवडे मला फसल्याचं कळलंच नाही. तेवढ्या दिवसांत माझ्या हाताला, चाळिशीच्या चष्म्याला आणि नागपूरच्या उन्हाला दोष देऊन झाला होता.

ज्यांना छोटे पुतळे रंगवण्याचा हा माझा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर खेळायच्या युद्धखेळांचे छोटे पुतळे असतात, मिनिएचर म्हणतात. माणूस साधारण २८ मिलिमीटर उंच, डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. सुटे भाग जोडायचे, प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, मारायचा, मग बारीक ब्रशने रंगवायचे. वॉरहॅमर ४०,००० हा त्यातला सगळ्यात गाजलेला खेळ, १९८७ पासूनचा. मी खेळतो कमी, रंगवतो जास्त. लहानपणी तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी रंगवायचो, तेव्हापासूनची खोड आहे ही. घरचे अजून त्याला 'बाहुल्या' म्हणतात.

माल बाहेरून येतो आणि महाग पडतो. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. त्यामुळे शहरातच कुणी स्वतःचा जुना संग्रह काढतोय असं कानावर आलं की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. तसा निरोप मला मार्चमध्ये एका ओळखीच्यातर्फे आला.

धरमपेठेत भेटलो. तिशीचा, बोलायला गोड. "बदली झाली भाऊ, बायको म्हणते एक तर हे डबे न्या नाहीतर मला." मी हसलो. त्याने खिशातून एक जोडलेला स्पेस मरीन, म्हणजे या खेळातला चिलखती सैनिक, काढून हातात दिला. उलटसुलट करून पाहिला, अस्सल होता. सोबत सात डबे, खेळ बनवणाऱ्या कंपनीचे, आतली जोडणीची पत्रकंसुद्धा तीच. फक्त एक गोष्ट वेगळी होती. प्लास्टिकचे भाग नवे असताना स्प्रूवर, म्हणजे चौकटीला लागलेले येतात. इथे सगळे सुटे, झिपच्या पिशव्यांत भरलेले. तो म्हणाला, "कापून, घासून ठेवलेत भाऊ. तुमचे दोन महिने वाचवले."

मला ते उपकारच वाटले. निपरने भाग कापणं हे या छंदातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. पण चौकट हीच तर खऱ्या मालाची खूण, आणि ती त्याने आधीच गायब केली होती. मी तिथेच यूपीआयने पैसे दिले. तर्री पोह्यांचे पैसे मात्र त्याने दिले, मला देऊच दिले नाहीत.

एप्रिलमध्ये पहिली तुकडी जोडायला घेतली. हे पुतळे पॉलिस्टायरीनचे असतात आणि त्यांचा गोंद चिकटवत नाही, पृष्ठभाग वितळवून दोन भाग एकजीव करतो. रात्री हात-खांदे लावून झोपलो, सकाळी सगळे हात टेबलावर पडलेले. वाटलं, गोंद उन्हाने गेला. नवी बाटली आणली. तेच. मग वाटलं भागांवर तेल असेल, म्हणून साबणाच्या पाण्यात धुतले. शेवटी फेविक्विक लावलं आणि ते झटकन बसलं, तेव्हा मला चक्क बरं वाटलं! खरं तर तिथेच कळायला हवं होतं. वितळवणारा गोंद बसत नाही आणि फेविक्विक बसतं, याचा अर्थ ते प्लास्टिक नाहीच, रेझिन आहे, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणारा द्रव.

रंगवतानाही तेच. छातीवरच्या गरुडाची पिसं नीट दिसेनात. वॉश, म्हणजे अगदी पातळ रंग, मारला की तो खाचांत उतरून सावली पडायला हवी, इथे वरच तरंगून डाग पडायचे. प्रायमरवर संशय घेतला. ४५ अंशांत स्प्रे मारला तर तो पुतळ्यापर्यंत पोचेस्तोवर वाळून भुरभुरीत बसतो, आणि कूलरसमोर मारला तर दमट हवेने पांढुरका पडतो. म्हणून पहाटे सहाला गच्चीवर जाऊ लागलो. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, तब्येत बरी आहे ना याची.

उलगडा झाला महालातल्या चितारओळीत. तिथल्या एका मूर्तिकार काकांकडे मी डोळ्यांची आखणी बघायला अधूनमधून जातो. गणपतीच्या साच्यांचं काम चालू होतं. सहज म्हणून दोन पुतळे दाखवले, एक माझा जुना आणि एक नवा. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, नखाने कडा चाचपली आणि म्हणाले, "हा साच्याचा साचा आहे बेटा. धार गेली याची."

त्यांना या खेळाचा गंधही नाही. पण मूळ मूर्तीवरून साचा काढायचा आणि त्यातून निघालेल्या मूर्तीवरून परत साचा काढायचा, यातला फरक त्यांच्या बोटांना चाळीस वर्षं माहीत आहे. "आमच्यातही करतात ना असं. दुसऱ्याचा गणपती विकत आणायचा, त्यावर रबर ओतायचं. नाक बघ, बोथट." मिनिएचरमध्ये याला रिकास्ट म्हणतात. खऱ्या पुतळ्यावर सिलिकॉनचा साचा, त्यात रेझिन, रेझिनमध्ये करडा रंग. दिसायला हुबेहूब. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं. घरी येऊन जुन्या मरीनचा खांदा नव्यावर लावून पाहिला, तर ढिला.

मग ज्या परीक्षा आधी करायला हव्या होत्या त्या केल्या. लपलेल्या जागी प्लास्टिकच्या गोंदाचा थेंब लावा. पॉलिस्टायरीन असेल तर मऊ पडून नखाची खूण उमटते, रेझिनला काही होत नाही. ब्लेडने सोललं तर प्लास्टिकची साल गुंडाळी होऊन निघते, रेझिनचा भुगा किंवा कपचा. सुईच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर जपून, पण नुसत्या त्यावर निकाल देऊ नका: कंपनीने स्वतः २०११ मध्ये फाइनकास्ट नावाने रेझिनचे पुतळे आणले होते, त्यांत बुडबुडे निघाल्याच्या पुष्कळ तक्रारी झाल्या होत्या. डब्यावर प्लास्टिक लिहिलेलं असेल आणि आत खड्डे असतील, तर मात्र प्रश्न मिटला. आणि एक, रेझिन कोरडं घासू नका. त्याची धूळ फुप्फुसांना वाईट, पाण्यात घासा, मास्क लावा. मी प्लास्टिक समजून बंद खोलीत विनामास्क आठ दिवस घासत होतो, त्याचा राग मला पैशांहून जास्त आहे.

विकणाऱ्याला फोन केला. उचलला, हे विशेष. शांतपणे म्हणाला, "भाऊ, मी काय लिहिलं होतं ते वाचा." वाचलं. त्याच्या मेसेजमध्ये सगळीकडे 'ओरिजिनल बॉक्ससकट' असं होतं. पुतळे ओरिजिनल असं एकदाही नाही! मी विचारलंही नव्हतं. ते मी मनातच धरून चाललो होतो. त्यानंतर फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर पोर्टलवरही. पण हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, म्हणजे ते पुढे जायच्या आत खात्यात अडवता येतात. माझे पाच आठवड्यांत कुठल्या कुठे गेले असणार. ठाण्यात हवालदारांनी मान खाली घालून लिहिता लिहिता विचारलं, "बाहुल्या किती होत्या म्हणता?" मी म्हटलं, त्रेसष्ट. त्यांनी पेन ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तरी काय चुकलं? चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, डब्यांचे फोटो एवढं दिलंय. मूर्तिकार काकांचं मत कुठल्या रकान्यात बसेना.

मागच्या आठवड्यात अमरावतीच्या एका मुलाचा मला मेसेज आला. सात-आठ डबे मिळतायत, मालक बदलीवर चाललाय, घेऊ का? मी विचारलं, भाग स्प्रूवर आहेत का? तो म्हणाला, नाही दादा, कापून ठेवलेत त्यांनी, खूपच मदत होईल. मी लगेच फोन लावला. त्याने अजून पैसे दिले नव्हते.

माझे त्रेसष्ट अजून इथेच आहेत. एकाने अर्ध्या किमतीत मागितले, वर म्हणाला, पुढे मी बघतो काय सांगायचं ते. रविवारी दुपारी कूलर लावून बसलो आणि बारीक हँड ड्रिलने प्रत्येकाच्या बेसखाली 'नक्कल' कोरलं. तीन अक्षरं, त्रेसष्ट वेळा. शेवटची दहा जरा बरी आलीत.